प्रस्तावना : जंतूचं नाव

रात्री दाखल झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर निदानाच्या रकान्यात आपण लिहितो, ‘न्यूमोनिया, उजवीकडे खाली’. श्वासाचा वेग लिहितो, ऑक्सिजन किती ते लिहितो, औषधांची यादी लिहितो. कोणत्या जंतूमुळे, एवढं मात्र राहून जातं. लिहायचं विसरतो असं नाही. त्या घडीला ते माहीत नसतं, आणि पुष्कळदा रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी कळलेलं नसतं. त्या रिकाम्या जागेविषयी हे पुस्तक आहे. ती जागा भरायला लघवीची एक छोटीशी तपासणी कितपत मदत करते, कुठे तिचा हात तोकडा पडतो आणि कुठे ती फसवते, याचा इतका सविस्तर विचार मराठीत मी तरी याआधी वाचलेला नाही.

मला एक आजी आठवतात. कांदे काढायला शेतात गेल्या होत्या. दुपारी हुडहुडी भरून ताप आला आणि संध्याकाळपर्यंत उजव्या बरगडीखाली अशी कळ सुरू झाली की श्वास अर्ध्यावर थांबायचा. आमच्याकडे आल्या तेव्हा गावात दोन दिवस इंजेक्शनं घेऊन झाली होती. एक्स-रेत उजवा खालचा भाग पांढराशुभ्र. बेडका द्या म्हटलं, तर खोकल्याबरोबर कळ येते म्हणून त्या खोकलाच दाबून धरत होत्या. डबीत आली ती नुसती लाळ. रक्त कल्चरला पाठवलं, पण दोन दिवसांच्या इंजेक्शनांनंतर त्यात काही उगवेल अशी आशा कुणालाच नव्हती. लघवी मात्र त्यांनी दिली.

लॅबमधल्या टेक्निशियन मुलीने त्या लघवीत कापसाची काडी बुडवली, ती पुठ्ठ्याच्या कार्डातल्या भोकात सरकवली, वर द्रावणाचे थेंब टाकले, कार्ड मिटलं आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली. पंधरा मिनिटांनी तिने कार्ड दिव्याखाली धरलं. वरची रेघ ठसठशीत गुलाबी होती. ती फक्त कार्ड नीट चाललं एवढं सांगणारी. खाली दुसरी एक रेघ होती, फिकी, पण होती. ‘फिकी असली तरी आहेच ना सर?’ तिने विचारलं. आहेच. त्या रेघेला गडद-फिक्याचा हिशेब नसतो. केसपेपरवर त्या रात्री जंतूचं नाव लिहिलं गेलं : न्यूमोकॉकस. दुसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागल्यावर तीन औषधांतली दोन बंद केली. उरलं ते जुनं, स्वस्त पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध. आजी सहाव्या दिवशी घरी गेल्या.

सगळ्याच गोष्टी अशा सरळ जात नाहीत. न जाणारी एक पुढे सांगतोच. आधी ही तपासणी आली कुठून ते पाहू, कारण तिचा इतिहास कळल्याशिवाय तिच्याविषयीचा आजचा वाद कळत नाही.

न्यूमोकॉकस हा जंतू १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे वेगळा केला. तीनच वर्षांनी बर्लिनमध्ये ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टराने न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुप्फुसांत जंतू ठळक दिसावेत म्हणून रंग देण्याची एक रीत बसवली. आज जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये रोज होणारं ‘ग्राम स्टेन’ ते हेच. पुढे फ्रेड नॉयफेल्ड यांच्यासारख्या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की न्यूमोकॉकस एकच असला तरी त्याचे प्रकार अनेक आहेत. प्रत्येक प्रकाराच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं वेगळ्या विणीचं आवरण असतं. आज असे शंभरावर प्रकार माहीत आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भेदावर माणसाचा जीव अवलंबून होता. प्रतिजैविकं अजून आलेली नव्हती. उपचार होता घोड्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिसीरमचा, आणि ते प्रकारागणिक वेगळं असे. पहिल्या प्रकारचं सीरम दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला दिलं तर काही उपयोग नाही. म्हणजे आधी प्रकार ओळखायचा, मग सीरम टोचायचं, आणि रुग्णाचा तर एकेक तास मोजलेला. बेडका उंदराच्या पोटात टोचायचा, जंतू वाढायची वाट बघायची, मग ओळख पटवायची, अशी तेव्हाची रीत होती. ही वाट कमी कशी करता येईल या ध्यासातून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात अल्फोन्स डोशे आणि ऑस्वाल्ड एव्हरी यांनी १९१७ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. न्यूमोकॉकस वाढताना एक विद्राव्य पदार्थ बाहेर सोडतो. तो रुग्णाच्या रक्तात सापडतो आणि लघवीतही उतरतो. स्वच्छ गाळलेल्या लघवीत त्याच प्रकारचं प्रतिसीरम मिसळलं की ती गढूळ होते. आज पंधरा मिनिटांत उमटणाऱ्या गुलाबी रेघेचं मूळ या गढूळपणात आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तत्त्व तेच राहिलं.

हा पदार्थ लघवीत का येतो, याचं उत्तर मोठं सुंदर आहे. जंतूचं आवरण आणि त्याच्या भिंतीतले काही घटक विशिष्ट साखरांच्या लांब साखळ्यांनी बनलेले असतात. त्या साखळ्या तोडायची कात्री आपल्या शरीराकडे जवळपास नाहीच. जंतू मरतो, फुटतो, त्याचे तुकडे रक्तात येतात, मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात, आणि हे काम दिवसच्या दिवस चालू राहतं. म्हणून औषध सुरू होऊन जंतू मेला तरी त्याची खूण लघवीत मागे राहते. आजींच्या बाबतीत रक्ताच्या कल्चरला जे जमलं नसतं ते लघवीला जमलं, ते यामुळे. हीच गोष्ट पुढे दगाही देते.

त्या ‘विद्राव्य पदार्थाचा’ पाठपुरावा एव्हरी करत राहिले. १९२३ साली त्यांनी मायकेल हायडेलबर्गर यांच्याबरोबर दाखवलं की तो साखरेचा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती फक्त प्रथिनं ओळखते, असं मानणाऱ्या काळात हे पचायला जड होतं. त्याच आवरणाचा शोध घेत घेत १९४४ साली एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी डीएनएपर्यंत पोचले. आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, याचा पहिला भक्कम पुरावा न्यूमोनियाच्या या जंतूने दिला. त्याच संस्थेत १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोकॉकसमधला ‘सी’ नावाचा अंश न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातल्या एका प्रथिनाशी जुळून साका धरतो असं आढळलं. त्या प्रथिनाला नाव पडलं सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. कोविडच्या काळात घरोघरी ‘सीआरपी किती आला?’ अशी विचारणा व्हायची, त्यातला ‘सी’ तो हाच. आजची लघवीची तपासणीही हाच ‘सी’ अंश शोधते, कारण आवरण प्रकारागणिक वेगळं असलं तरी भिंतीतला हा अंश सगळ्या न्यूमोकॉकसांत सारखाच असतो. डॉक्टर मंडळींनाही पुष्कळदा हे नातं ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग १९३८ साली सल्फापिरिडिन आलं, चाळीसच्या दशकात पेनिसिलिन आलं, आणि जंतूचा प्रकार विचारायची गरजच संपली. एकाच औषधाला सगळे प्रकार दाद देत होते. घोड्यांचे तबेले बंद झाले, प्रकार ओळखणारे कुशल हात निवृत्त झाले, आणि लघवी पुन्हा साखर-प्रथिनांपुरती उरली. सत्तरच्या दशकात विजेच्या प्रवाहावर प्रतिजन (अँटिजेन) आणि प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) एकमेकांकडे ओढण्याची पद्धत आली, पुढे लेटेक्सच्या कणांच्या गुठळ्या बघण्याची आली. दोन्ही किचकट होत्या आणि निकालाचा भरवसा नव्हता. कागदाच्या पट्टीवर द्रव चढत जाऊन रेघ उमटण्याची जी युक्ती गरोदरपणाच्या घरगुती तपासणीमुळे सगळ्यांना माहीत झाली, ती न्यूमोकॉकससाठी वापरणाऱ्या बायनॅक्स-नाऊ या कार्डाला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. तोवर जग पुन्हा बदललं होतं. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढले होते, आणि ‘सगळ्यांवर चालणारं’ औषध वापरण्याची किंमत दिसू लागली होती. म्हणजे नाव विचारणं ज्या काळी जीव वाचवायला हवं होतं तेव्हा ही तपासणी जन्मली, नाव अनावश्यक झालं तेव्हा ती विसरली गेली, आणि औषधं वाचवायची वेळ आली तेव्हा ती परत आली. माझ्या मते या विषयाचं सार एवढ्यात आहे.

तिच्या जोडीला एक धाकटं भावंड आहे, त्याची कुळकथा अगदी वेगळी. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतलेली माणसं न्यूमोनियाने पटापट दगावू लागली. जवळपास सहा महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी जंतू पकडला. सैनिकांच्या नावावरून त्याला लीजनेला म्हणतात. तो माणसाकडून माणसाकडे जात नाही. कूलिंग टॉवर, शॉवर, कारंजी, कोमट पाण्याच्या टाक्या यांच्या तुषारांतून फुप्फुसात शिरतो. साध्या कल्चरवर उगवत नाही आणि पेनिसिलिनच्या घराण्याला भीक घालत नाही, कारण तो पेशींच्या आत दडून राहतो. अशा जंतूसाठी लघवीतलं प्रतिजन म्हणजे हातात कंदील मिळाल्यासारखं झालं. ते लघवीत सापडतं हे १९७९ सालीच कळलं होतं. स्पेनमधल्या मुर्सिया शहरात २००१ च्या उन्हाळ्यात लीजनेलाची साथ आली, ८०० हून जास्त संशयित आणि ४४९ खात्रीचे रुग्ण. त्या वेळी लघवीच्या तपासणीमुळे निदान झटपट होत गेलं, योग्य औषध वेळेवर मिळालं, आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिलं. लीजनेलाचं कार्ड जवळपास फक्त पहिल्या सीरोगटालाच ओळखतं, ही त्याची मर्यादा. बहुतेक रुग्ण त्याच गटाचे असतात म्हणून निभावतं. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कुंडीच्या मातीतून होणारा लीजनेला लाँगबीची त्याला दिसत नाही.

आता मर्यादांकडे वळतो. न्यूमोकॉकसमुळेच न्यूमोनिया झालेल्या १०० प्रौढांपैकी सुमारे ७० ते ७५ जणांना ही तपासणी पकडते. ज्यांना तो नाही अशा १०० पैकी ९५ च्या आसपास जणांना ती बरोबर ‘नाही’ म्हणते. आजार जितका गंभीर, रक्तात जंतू उतरलेला, तितकी ती जास्त पकडते. सरळ भाषेत सांगायचं तर ‘हो’ म्हणाली की बहुधा खरं असतं. ‘नाही’ म्हणाली म्हणून न्यूमोकॉकस सुटला असं होत नाही. यात आणखी एक गुंता आहे. हे आकडे काढताना ‘खरोखर न्यूमोकॉकस’ कुणाला होता हे ठरवलं कशावरून? कल्चरवरून. आणि कल्चर तर स्वतःच निम्मं-अधिक चुकवतं. आखूड काठीने लांब कापड मोजावं तसं हे झालं. म्हणून अभ्यासाअभ्यासांत आकडे इतके हलतात. नव्याने वाचणाऱ्याने त्याने गोंधळू नये.

पुस्तकाच्या शीर्षकात ‘प्रौढांतील’ हा शब्द उगीच घातलेला नाही. लहान मुलांच्या नाका-घशात न्यूमोकॉकस सर्रास राहतो, मूल ठणठणीत असतानाही. तेवढ्यानेसुद्धा लघवीतली रेघ उमटू शकते. मुलांमध्ये ही तपासणी न्यूमोनियाचं कारण सांगत नाही, ते मूल जंतू बाळगून आहे एवढंच सांगते. प्रौढांतही जुनाट दम्यासारख्या आजारात, म्हणजे सीओपीडीत, क्वचित असं होतं. न्यूमोकॉकसची लस नुकतीच घेतली असेल तर काही दिवस रेघ येऊ शकते. तोंडात राहणाऱ्या काही साध्या स्ट्रेप्टोकॉकसांच्या अंगातही ‘सी’ अंशासारखा पदार्थ असतो.

यातली एक चूक माझ्या हातून झाली आहे. चाळिशीतला एक ट्रकचालक न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियातून बरा होऊन गेला होता. दीड महिन्याने पुन्हा ताप, पुन्हा खोकला घेऊन आला. लघवीची रेघ पुन्हा आली. मी ते नाव पुन्हा लिहिलं, तेच औषध पुन्हा सुरू केलं, आणि बेडक्याची टीबीची तपासणी पुढे ढकलली. दहा दिवस वजन उतरत राहिलं. मग बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. लघवीतली ती रेघ आधीच्या आजाराची शिल्लक होती. बऱ्या झालेल्या न्यूमोनियाची खूण लघवीत आठवडेच्या आठवडे राहू शकते, हे मी वाचलेलं होतं. त्या सकाळी ते आठवलं नाही. त्या माणसाचे दहा दिवस गेले, आणि घरातल्या लहान मुलांना दहा दिवस जास्त संसर्गाचा धोका राहिला. तेव्हापासून रेघ दिसली की मी आधी विचारतो, मागच्या तीन महिन्यांत न्यूमोनिया झाला होता का, लस घेतली होती का.

या तपासणीचं करायचं काय, याबाबत जगात दोन विचार आहेत. एक म्हणतो, जंतू ओळखा, मग नेमकं औषध द्या. स्पेन आणि जपानमध्ये या विचाराला मोठा आधार आहे. तिथे ही तपासणी खूप वापरली जाते आणि तिच्यावरचं बरंचसं लिखाणही तिथूनच आलं. दुसरा म्हणतो, पहिल्या तासांत जंतू कळतच नाही, तेव्हा संभाव्य जंतूंना पुरेल असं औषध अंदाजाने द्या आणि तपासण्यांवर पैसे घालवू नका. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००९ साली मध्यम आणि गंभीर न्यूमोनियाच्या सगळ्या रुग्णांत न्यूमोकॉकसची लघवी तपासा म्हणून सांगितलं. अमेरिकेतल्या दोन प्रमुख संघटनांनी २०१९ च्या मार्गदर्शिकेत सरसकट करू नका, गंभीर रुग्णांतच करा, असा सल्ला दिला. लीजनेलासाठी गंभीर आजार किंवा साथ-प्रवासाचा धागा असेल तर करा म्हटलं. भारतातल्या छातीविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांची २०१२ ची मार्गदर्शिकाही साधारण त्याच वळणाची आहे : न्यूमोकॉकसची तपासणी नेहमी करायची गरज नाही, गंभीर रुग्णांत लीजनेलाची करणं इष्ट.

अमेरिकन सल्ल्यामागे एक प्रामाणिक प्रश्न आहे. रेघ दिसल्यावर औषधं आखडती घेऊन रुग्णांचं भलं झाल्याचा पुरावा कुठे आहे? स्पेनमधल्याच १७७ रुग्णांच्या एका अभ्यासात, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, लघवीवरून ठरवलेल्या उपचाराचा अंदाजाच्या उपचारावर मोठा फायदा दिसला नाही. उलट औषध आखडतं घेतलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असल्याची शंका आली. हा अभ्यास लहान होता, पण तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. लेखकांनी त्याला पूर्ण न्याय दिला आहे, हे मला या पुस्तकाचं मोठं बळ वाटतं. माझं स्वतःचं मत असं की प्रश्न तपासणीपेक्षा डॉक्टरच्या हाताचा जास्त आहे. रेघ आल्यावरही तिन्ही औषधं तशीच चालू ठेवली तर ती तपासणी केली नसती तरी चाललं असतं. आणि रेघ आली म्हणून रुग्णाकडे न बघता पहिल्याच तासाला औषध काढून घेतलं तर तीही घाईच. ताप, श्वास, ऑक्सिजन सुधारतंय असं दिसलं की मगच रेघेचा कौल मानायचा. जंतू कोणत्या औषधाला दाद देईल हे तर कार्ड सांगतच नाही. म्हणून कल्चरचं रक्त आधी घेतलंच पाहिजे.

महाराष्ट्रात बसून हा विषय बघताना मला दोन्ही विचार अपुरे वाटतात, कारण आपल्याकडे न्यूमोनियाच्या मागे टीबी उभा असतो. अंदाजाने औषध द्यायचं म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी दिली जाते. ती क्षयाच्या जंतूलाही थोडीफार मारते. ताप उतरतो, रुग्ण बरा वाटून घरी जातो, आणि टीबीचं निदान आठवडे-महिने लांबतं. तेवढ्यात जंतूला त्या औषधाची सवय लागायचा धोका वेगळाच. अशा ठिकाणी न्यूमोकॉकसचं नाव वेळेवर कळलं तर ती गोळी टाळता येते. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकच्या किनारपट्टीत, पावसाळ्यात मधुमेही माणसांत मातीतल्या जंतूचा मेलिऑयडोसिस न्यूमोनियाच्या रूपात येतो, आणि त्याला नेहमीची औषधं पुरत नाहीत. लघवीचं हे कार्ड त्याला ओळखत नाही. म्हणजे ‘रेघ नाही’ या निकालाचा अर्थ फिलाडेल्फियात एक असेल आणि कोकणात दुसरा. आपली मार्गदर्शिका आपल्याच रुग्णांच्या नोंदींवरून घडायला हवी.

नोंदींचा हा मुद्दा लशीशी थेट जोडलेला आहे. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या ८४,४९६ लोकांवर न्यूमोकॉकसच्या लशीची चाचणी झाली; २०१५ साली निकाल आला. लशीतल्या प्रकारांमुळे होणारे न्यूमोनिये सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. रक्तात जंतू नसलेल्या रुग्णांत कोणता प्रकार होता हे त्यांनी ओळखलं ते लघवीवरून. दुकानात न मिळणारी, प्रकारवार आवरण ओळखणारी खास तपासणी त्यांनी वापरली. डोशे आणि एव्हरींची प्रकार ओळखण्याची धडपड अशी शंभर वर्षांनी परत कामाला आली. आपल्याकडे न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर बाळांच्या लसीकरणात आली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची दहा प्रकारांवरची न्यूमोसिल डिसेंबर २०२० मध्ये भारतात उपलब्ध झाली. बाळांना लस मिळाली की त्यांच्या नाकातून आजी-आजोबांकडे जाणारे जंतूही बदलतात. प्रौढांत कोणते प्रकार कमी झाले आणि कोणते वर आले, हे नातवंडांच्या लशीचं वय वाढेल तसं मोजत राहावं लागेल, आणि त्याचं सगळ्यात सोपं साधन लघवीची डबीच असेल.

लघवी बघून आजार सांगण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. योगरत्नाकरात लघवीवर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते पाहण्याची तैलबिंदू परीक्षा आहे. तिचा आणि या कार्डाचा शास्त्रीय संबंध काही नाही, तो जोडायचा मोहही धरू नये. पण आजारी माणसाला न दुखवता, सुई न टोचता मिळणारा नमुना म्हणून लघवीचं मोल जुन्या वैद्यांना कळलं होतं, एवढं खरं. टीबीतही आता हे मोल पटलं आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या, फार आजारी आणि बेडका देऊ न शकणाऱ्या माणसांत क्षयाच्या जंतूचा एक घटक लघवीत शोधणारी पट्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सुचवली आहे. पुस्तकात तिच्यावर फार पानं नाहीत. मला ती जास्त हवी होती.

पुस्तकाचे दोघेही लेखक रोज काम करणारे आहेत, एक छातीविकाराचे डॉक्टर आणि एक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी हे कुणा एकासाठी लिहिलेलं नाही. तालुक्याच्या गावी रात्री एकट्याने निर्णय घेणारा डॉक्टर, कार्डाची रेघ वाचणारी टेक्निशियन, किट विकत घ्यायचं की नाही हे ठरवणारा रुग्णालयाचा व्यवस्थापक आणि ‘लघवीतून छातीचं काय कळणार?’ म्हणून विचारणारा रुग्णाचा मुलगा, हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. कोणतं किट चांगलं, याची यादी इथे मिळणार नाही. ती दर वर्षी बदलते. इथे मिळते ती विचार करण्याची रीत : तपासणी कुणात करायची, निकाल हाती आल्यावर कागदावर नक्की काय बदलायचं, आणि निकाल आल्यावरही काय विचारत राहायचं. परिभाषेचा त्यांनी बाऊ केलेला नाही. अँटिजेनला प्रतिजन म्हटलं आहे आणि कल्चरला कल्चरच; वॉर्डात बोलतात तसंच. मला ते बरोबर वाटतं.

शेवटी पुन्हा त्या रिकाम्या रकान्याकडे. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात दाखल झालेल्या न्यूमोनियाच्या प्रौढांचा कसून अभ्यास झाला. २२५९ रुग्णांचे नमुने हाती होते, त्या वेळच्या जवळपास सगळ्या तपासण्या हाताशी होत्या, तरी जंतू किंवा विषाणू सापडला तो फक्त ३८ टक्क्यांत. श्रीमंत देशाच्या सुसज्ज रुग्णालयांत ही स्थिती, तर आपल्या नोंदवह्यांत किती रकाने रिकामे असतील ते सांगायला नको. कोविडच्या लाटांत दाखल रुग्णांपैकी फार थोड्यांना जंतूंची जोड होती, आणि प्रतिजैविकं मात्र बहुसंख्यांना दिली गेली. भीती होती, वेळ नव्हता, आणि जंतू आहे की नाही हे सांगणारं खात्रीचं साधन हाताशी नव्हतं.

म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्या डॉक्टरांना एकच विनंती करतो. पुढचा न्यूमोनियाचा रुग्ण दाखल कराल तेव्हा पहिल्या प्रतिजैविकाआधी कल्चरचं रक्त घ्या, लघवीची डबी त्याच तासात भरून लॅबला पाठवा, बेडका मिळाला तर टीबीसाठी तोही पाठवा, आणि केसपेपरवर ‘न्यूमोनिया’ या शब्दापुढे एक ओळ मोकळी सोडा. तिसऱ्या दिवशी राऊंडला ती ओळ पुन्हा बघा. भरली असेल तर औषधांची यादी परत वाचा. रिकामी असेल तर का, ते लिहा.